दुसरी नळीही गुलाबी

पहिली नळी गुलाबी निघाली तेव्हा
मी फेलिसावर चिडले.
पोतोसीची थंडी, रात्रीचे अडीच,
आकसलेल्या शिरेतून घाईघाईत ओढलेलं रक्त.
पेशी सुईतच फुटतात,
हे तिला किती वेळा सांगायचं?
फोनवर म्हटलं, पुन्हा काढ. सावकाश काढ.
ती काही बोलली नाही.
मागे कुणीतरी बाई म्हणत होती,
डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तो दिवा बंद करा.

सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत मी हात काखेत घालून उभी.
वरचा थर हवा होता
वाळल्या काडाच्या रंगाचा.

दुसरी नळीही गुलाबी.

मग चिठ्ठी नीट वाचली.
एउलोखिया चोके, वय एकोणीस, पहिलटकरीण.
चौतिसावा आठवडा.
रक्तदाब एकशे ऐंशी, खालचा एकशे वीस.
गावाच्या रकान्यात नुसतं 'वर'.
चार हजार मीटरच्याही वर
अजून गावं आहेत.

या उंचीवर आम्हा सगळ्यांचंच रक्त दाट.
हवा विरळ, म्हणून हाडांच्या मगजात
पेशी दुहेरी पाळीने घडतात.
दाट रक्ताला मी भीत नाही.
काचेवर थेंब ओढला, वाळवला, रंगवला,
डोळा लावला.

काहींना अंगभर सराट्याचे काटे.
काही चावून टाकलेल्या.
एक तर खाणीतल्या हेल्मेटसारखी,
दोन्ही टोकं वर, खालून सपाट कापलेली.
पुस्तकातही तिचं नाव हेल्मेट पेशीच.
या गावात ते कुणाला समजावून द्यावं लागत नाही,
रिकामं हेल्मेट घरी येणं म्हणजे काय तेही.

तांबडी पेशी जन्मतानाच
आपलं केंद्रक टाकून देते,
प्राणवायूला तेवढीच जागा.
त्यानंतर तिला स्वतःची डागडुजी येत नाही.
येतं फक्त वाकणं.
आपल्याहून अरुंद बोळातून अंग चोरून जायचं,
पलीकडे पुन्हा गोल व्हायचं.
एकशे वीस दिवस हेच.

एउलोखियाच्या वारेकडे जाणाऱ्या वाटा
रुंद व्हायच्या राहून गेल्या.
का, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
मग अंगभरच्या वाटा आवळल्या,
भिंतींचं अस्तर उसवलं,
आणि वाकणारीचं वाकणं ताठरत गेलं.
ताठ झालेलं मोडतं.
मोडल्यातलं तांबडं सांडतं.
ते माझ्या नळीत आलं होतं, दोनदा,
आणि मी सुईला बोल लावत होते.

या काचेवरची सगळ्यात म्हातारी पेशी
घडली असेल त्या आठवड्यात
तिच्या पोटात पहिल्यांदा
काहीतरी मासोळीगत हललं असेल.
पण मोडलेल्या म्हाताऱ्या वाटत नव्हत्या.

हजार मोजायच्या असतात. मी तीनशेवर थांबले.
डॉक्टर ओरेयाना म्हणाले, सुईमुळे तर नसेल?
मी म्हटलं, दोनदा काढलंय.
बरं, म्हणाले,
आणि फोन न ठेवताच धावल्याचा आवाज.

मॅग्नेशियम चढवलं तेव्हा ती ओरडली म्हणे,
माझ्या आत चूल पेटवली कुणी?
हे फेलिसाने नंतर सांगितलं.
पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी.
दीड किलोला थोडी कमी. रडली.
फेलिसाच्या बाहीवर रक्त वाळलेलं.
रात्री चिडले त्याबद्दल मी तोंडातून ब्रही काढला नाही.
कोकाच्या पानांचा चहा तिच्यापुढे सरकवला,
साखर तीन चमचे, ती घेते तशी.

चौथ्या दिवशी पुन्हा नळी आली.
काचेवर दोन हेल्मेटं अजून होती,
हटून बसलेली.
त्यांच्यात काही थोराड, निळसर, नव्या,
पुरत्या लालही न झालेल्या,
अजून कुठल्या बोळात न शिरलेल्या.

वरचा थर काडाच्या रंगाचा.
नळी खिडकीशी धरून पाहायची गरज नसते.
मी धरली.
मागच्या डोंगरावर सकाळची पाळी चढत होती,
एकेक दिवा विझवत.